धूळ झाडली, धुराचे काय?





दरवर्षी निकाल लागले की आपल्या समाजात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. दहावी-बारावीची मुले-मुली मंचावर येतात, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र घेतात, आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतात. या कार्यक्रमाच्या यादीचे काम मी कितीतरी वर्षे केले. ए. जी. ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाकडे याद्या आणि बेरजा आपोआपच येतात.

आज जो विषय मांडतो आहे तो त्या यादीच्या फार आधीचा आहे. मूल शाळेत जाण्यापूर्वी, पाटीवर श्रीगणेशा गिरवण्यापूर्वी, किंबहुना जन्माला येण्यापूर्वी त्याच्या मेंदूची जी बांधणी होते तिचा, आणि त्या बांधणीत आपल्या शहराची हवा जो बिघाड करते त्याचा. खराब हवेने खोकला होतो, दमा वाढतो, म्हाताऱ्यांच्या हृदयावर ताण येतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. तीच हवा तान्ह्या मुलाच्या बुद्धीलाही लागते, हे मात्र आपल्या एकाही बैठकीत मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. निवडणुकीच्या सभेत तर नाहीच नाही.

मे २०१६ आठवा. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांच्या हवेची यादी प्रसिद्ध केली. पहिले इराणमधले झाबोल, दुसरे आपले ग्वाल्हेर, तिसरे अलाहाबाद. पीएम २.५ म्हणतात त्या बारीक कणांची ग्वाल्हेरची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत १७६ मायक्रोग्रॅम अशी त्यात होती. आपल्या देशाची मर्यादा आहे ४०. जागतिक संघटनेची त्या वेळची मर्यादा १० होती, २०२१ मध्ये ती ५ करण्यात आली. त्या आठवड्यात बाड्यापासून सिटी सेंटरपर्यंत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे यंत्र चुकीच्या जागी बसवले आहे, कोणी म्हणे आकडे जुने आहेत, कोणी म्हणे आमच्याकडे वाळूच फार, त्याला कोण काय करणार. मग २०१८ ची यादी आली. तिच्यात पहिल्या पंधरांपैकी चौदा शहरे भारतातली होती आणि त्या चौदांत ग्वाल्हेर नव्हते. शहराने सुटकेचा श्वास सोडला आणि विषय मिटला. त्या यादीत पहिल्या आलेल्या कानपूरचा आकडा होता १७३, म्हणजे आपल्या जुन्या आकड्यापेक्षा तीनच कमी. नाव यादीतून गेले म्हणजे कण छातीतून गेले असे होत नाही, एवढे तरी हिशेब जाणणाऱ्याला कळते.

हे कण म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. हवेत उडणारी धूळ डोळ्यांना दिसते, नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात, आणि काही तर वास घेणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने नाकातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. वाळू आणि माती यांचे कण बहुतांशी जाड असतात. बारीक कणांचे मुख्य घर म्हणजे धूर: डिझेलचा, कोळशाचा, लाकूड-गोवरीचा, जळत्या कचऱ्याचा. पुढच्या सगळ्या मजकुरात हा फरक लक्षात ठेवावा, कारण आपल्या शहराचा पैसा याच फरकापाशी वाट चुकला आहे.

आता मुलाच्या मेंदूकडे येऊ. दोन वर्षांचे होईपर्यंत मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. पेशी पेशींना जोडल्या जातात, त्या जोडण्यांवर आवरण चढते, हे सगळे काम पोटात सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने चालते. अशा वेळी शरीरात धुराचे कण शिरले की शरीर त्यांच्याशी लढू लागते, सूज धरते, आणि त्या लढाईची झळ बांधकामाला बसते. लहान मूल श्वासही मोठ्यांपेक्षा भराभर घेते, आणि ते जमिनीच्या जवळ, गाड्यांच्या धुराड्यांच्या उंचीवर वावरते. पोटातले मूल तरी सुरक्षित असेल असे आपल्याला वाटे. २०१९ मध्ये बेल्जियमच्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. आईने घेतलेला धूर बाळाच्या दारापर्यंत पोचतो, हे त्यावरून दिसले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेडरिका पेरेरा यांनी धूम्रपान न करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पाठीवर हवा मोजण्याचे लहानसे यंत्र दोन दिवस बांधले आणि पुढे त्यांच्या मुलांना वाढताना पाहिले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाड्या आणि इंधन जळताना निघणारी काही रसायने ज्यांच्या आयांच्या श्वासात जास्त गेली होती, त्या मुलांचा पाच वर्षांच्या वयातला बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी चार-पाच गुणांनी कमी भरला. हे न्यूयॉर्कचे, जिथली हवा आपल्या मानाने कितीतरी स्वच्छ. बार्सिलोनात ३९ शाळांतल्या २,७०० हून अधिक मुलांची स्मरणशक्ती वर्षभर पुन्हा पुन्हा मोजली गेली. गोष्ट डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची जी शक्ती असते, पाढे आणि तोंडी हिशेब जिच्यावर चालतात, ती कमी प्रदूषित शाळांत वर्षात ११.५ टक्क्यांनी वाढली आणि जास्त प्रदूषित शाळांत ७.४ टक्क्यांनी. ही पाहणी २०१५ ची. मेक्सिको शहरात लिलियन काल्देरॉन-गार्सिदुएनयास यांनी वरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तर निम्म्याहून अधिकांच्या मेंदूच्या पुढच्या भागात पांढरे डाग दिसले. त्या पाहणीतली मुले संख्येने थोडी होती हे मान्य, पण स्वच्छ हवेच्या गावातल्या मुलांत ते क्वचितच आढळले.

परदेशातले दाखले आपल्याला कितपत लागू, असे कोणी म्हणेल. म्हणून जवळचा सांगतो. उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यात शिवगढ नावाचा भाग आहे. तिथल्या खेड्यांत इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे जॉन स्पेन्सर आणि लखनौची एक संस्था यांनी मिळून दोनशेहून अधिक कुटुंबांतली तान्ही मुले पाहिली. घरात हवा मोजणारी यंत्रे ठेवली आणि मुलांपुढे पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून, रंग बदलला की बाळाच्या ते ध्यानात येते का, हे तपासले. ज्या घरांत हवा जास्त खराब, तिथल्या बाळांची ही नजरेची आठवण कमी भरली. चुलीत गोवऱ्या जळणाऱ्या घरांची हवा विशेष खराब निघाली. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कारखाना नाही, ट्रॅफिक नाही, फक्त घरातला धूर.

घरातला धूर म्हटल्यावर मला माझ्या घराविषयी सांगणे भाग आहे.

माझी मुलगी पुण्यात असते. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली. आली ती नेमकी ऐन थंडीत, जेव्हा ग्वाल्हेरला सकाळी दहापर्यंत समोरचे घर दिसत नाही. आमची थोरली बहीण, जिला सारे आक्का म्हणतात, ती या प्रसंगाची महिनाभर तयारी करत होती. गोवऱ्या आणल्या, लोखंडी शेगडी माळ्यावरून उतरवली, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची साले सगळे डब्यांत भरले. बाळंतिणीला शेक-शेगडी आणि बाळाला धुरी ही आपल्या घरांत दोनशे वर्षे चालत आलेली गोष्ट. आमच्या आईनेही आम्हाला तशीच दिली. दारे-खिडक्या लावायच्या, बाजेखाली निखारे, वर ओव्याची चिमूट, आणि खोलीत असा धूर की बाळ खोकले तर म्हणायचे, "कफ सुटतोय."

मुलीने पहिल्याच दिवशी सांगितले, "आत्या, शेक दे, पण धूर नको. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय."

आक्का म्हणाली, "अगं, आमची सगळी लेकरं याच धुरीत वाढली. त्यातलं कोणी वेडं निघालं का?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. या विषयावर आपल्या लोकांकडून येणारा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. उत्तर असे आहे. चार गुणांची घट एका मुलात कोणालाही दिसणार नाही. ज्याला बहात्तर टक्के पडले त्याला धूर नसता तर पंचाहत्तर पडले असते, हे कोण कसे सांगणार? त्याचे दुसरे आयुष्य कोणी पाहिलेले नाही. पण एका शहरात लाखो मुले असतात. सरासरी थोडी खाली सरकली की अतिशय तल्लख मुलांची संख्या बरीच घटते आणि ज्यांना वर्गात काहीच झेपत नाही अशांची बरीच वाढते. शिसे हे त्याचे जुने उदाहरण. पेट्रोलमधल्या शिशाने कोणी वेडे झालेले रस्त्यात दिसत नव्हते, तरी मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम सिद्ध झाला आणि फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. आज त्यावर कोणी वाद घालत नाही. आणि आमच्या लहानपणचा वाडा तरी आठवावा. कौलारू छप्पर, मध्ये चौक, भिंतींना झरोके. धूर कोंडायचा म्हटले तरी कोंडत नसे. आज आपण ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये तीच शेगडी पेटवतो.

शेवटी तडजोड झाली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला, गरम पाण्याची पिशवी आली, तेल-मालिश झाले, धुरी झाली नाही. आक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीचा पडदा सरकवला. कोपऱ्यावर झाडलेला कचरा आणि प्लास्टिकच्या पिशव्या पेटवून तीन-चार जण शेकत उभे होते. तो धूर सरळ वर, बाळाच्या खोलीकडे येत होता. ती मला म्हणाली, "घरातली धुरी बंद केलीस, बरं केलंस. ही बाहेरची कोण बंद करणार? तू का मी?"

या लेखाचा उत्तरार्ध मी आक्काच्या त्या प्रश्नाला देतो.

मी तक्रार नोंदवली. कुठे ते सांगत नाही. आठवड्यात मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचे निराकरण झाले आहे. संदेश वाचत असताना खाली कचरा जळत होता. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे. नियम नाही असे कोणी म्हणू नये.

पैसाही नाही असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यातल्या भोपाळ, इंदूर, उज्जैन, देवास, सागर यांच्याबरोबर ग्वाल्हेरही त्यात आहे. दहा लाखांवरच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी वेगळे अनुदान दिले, त्यातही आपण आहोत. आता या पैशाचा देशभरचा हिशेब पाहा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये तो मांडला. खर्चापैकी ६४ टक्के रक्कम रस्त्याच्या धुळीवर गेली: रस्ते बांधणे, खड्डे बुजवणे, पाणी शिंपडणे, झाडणाऱ्या गाड्या. कचरा, लाकूड वगैरे जाळण्याच्या धुरावर साधारण साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा, आणि कारखान्यांवर एक टक्कासुद्धा नाही. असे का? तर शहराची प्रगती मोजताना पीएम १० म्हणजे जाड कणांचा आकडा धरला जातो. ज्याची परीक्षा त्याचा अभ्यास, हे तर आपण मुलांनाही सांगतो! नगर निगमाला गुण धुळीचे मिळतात, म्हणून निगम धूळ झाडते. ऑडिटमध्ये आम्ही याला काय म्हणायचो ते इथे लिहिण्याजोगे नाही.

धूळ महत्त्वाची नाही असे मी म्हणत नाही. बिलौआच्या क्रशरजवळ ज्यांचे आयुष्य गेले त्यांना विचारा. रस्ते झाडलेच पाहिजेत. पण बाळाच्या मेंदूपर्यंत जाणारा कण धुळीचा कमी आणि धुराचा जास्त आहे. झाडूच्या गाडीने तो हलत नाही.

आपल्याकडे धूर कुठून येतो ते लष्करात राहणाऱ्याला सांगायला नको. फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावणी, चिटणीस की गोठ, ही आपली मोहल्ल्यांची नावे ज्या काळातली, त्या काळात या गल्ल्यांतून पालखी आणि घोडा जाई. आज तिथे दुपारी शाळा सुटायच्या वेळी मालवाहू डिझेल गाड्या इंजिन चालू ठेवून अडकलेल्या असतात. विक्रम टेंपोंचा काळा धूर आपल्या एका पूर्ण पिढीने गिळला. सीएनजी आला, ई-रिक्षा आल्या, तेवढे खरोखरच बरे झाले, त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. बिर्लानगरची जे. सी. मिल बंद होऊन तीस वर्षांवर झाली, धुरांडी थंड आहेत, तरी थंडीतली हवा सुधारली नाही. हॉटेलांच्या कोळशाच्या भट्ट्या आहेत. गावाबाहेर पिकाचे तण जाळणे आहे. वसंतात गहू निघाला की नरवाई, दिवाळीच्या आसपास भाताची पराली. २०२४ च्या हंगामात भाताचे तण जाळण्याच्या नोंदी मध्य प्रदेशात पंजाबपेक्षाही जास्त झाल्या. वर्तमानपत्रे दिल्लीच्या नावाने पंजाबला बोल लावत राहिली आणि डबरा-श्योपूरकडचा धूर आपल्या अंगणात उतरत राहिला. ग्वाल्हेर दिल्लीचे काउंटर मॅग्नेट होणार, दिल्लीची गर्दी इकडे ओढली जाणार, असे आपण कितीतरी वर्षे ऐकतो आहोत. गर्दी आली नाही, हवा मात्र दिल्लीसारखी झाली.

आणि अलाव. थंडीत चौकाचौकांत निगमाकडूनच लाकडे पडतात, आणि ती संपली की टायर, पुठ्ठे, प्लास्टिक जे हाती लागेल ते पेटते. मी हे बंद करा असे म्हणणार नाही. ज्याच्या अंगावर पांघरूण नाही त्याला मेंदूच्या गोष्टी सांगणे हे पाप आहे. पण रात्रनिवारे उबदार आणि पुरेसे असले, तर रस्त्यावर टायर कोण जाळील? शेकोटीभोवतीच्या त्या बायकांच्या कडेवरही मूल असते. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई सिलिंडर संपला की महिनाभर चुलीवर स्वयंपाक करते आणि तिचे धाकटे तिच्या मांडीवर असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, शेगडी घरात पोचली, पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे हवेत. आपल्या नातवंडांसाठी आपण हवा शुद्ध करणारे यंत्र घेऊ शकतो. तिच्या मुलाच्या डोक्याचे जे नुकसान होते ते भरून काढायला पुढे कोणती शिकवणी लावणार? स्वच्छ हवेची मागणी आपण आपल्यापुरती केली तर ती मागणीच राहणार नाही.

हे सगळे ऐकून हात टेकायचे कारण नाही, आणि याचाही पुरावा आहे. चीनमध्ये चोंगचिंगजवळ टोंगलियांग नावाचे गाव आहे. तिथे गावातच कोळशावरचे वीजघर होते. सरकारने ते २००४ मध्ये बंद केले. पेरेरा यांच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ते बंद होण्यापूर्वी २००२ मध्ये जन्मलेली आणि नंतर २००५ मध्ये जन्मलेली मुले दोन वर्षांची झाल्यावर तपासली. आधीच्या मुलांत, आईच्या पोटात असताना धूर जितका जास्त तितकी हालचालींची आणि एकूण वाढ मागे, असा संबंध स्पष्ट दिसला. नंतरच्या मुलांत तो दिसला नाही. एक धुरांडे बंद झाले आणि तीन वर्षांच्या आत गावातल्या बाळांत फरक पडला. महापौराची एक कारकीर्द पाच वर्षांची असते!

आता आपल्या हातातले. २०२२ च्या जुलैत महापौर आणि ६६ वार्डांचे पार्षद निवडले गेले. पुढची पाळी २०२७ ची. निवडणूक आली की आपल्या समाजाकडे सगळ्या पक्षांचे उमेदवार येतात. आपली संख्या आता पूर्वीइतकी नाही, पण मतदानाला उतरणारे आपण, आणि आपले मत कुठे पडणार याची त्यांना अजून धास्ती असते. आजवर आपण त्यांच्याकडे काय मागितले? सभागृहाला शेड, गणेशोत्सवाला परवानगी, एखाद्या चौकाला नाव. या वेळी गर्भारणीची आणि तान्ह्या मुलाची हवा मागावी, असा माझा प्रस्ताव आहे.

नेमके काय मागायचे तेही सांगतो. सिटी सेंटर, फूलबाग, दीनदयाल नगर आणि महाराज बाडा इथे हवा मोजणारी केंद्रे आहेत. तसे एक कमलाराजा रुग्णालयाच्या आवारात हवे, जिथे या शहराची आणि आसपासच्या जिल्ह्यांची बाळे जन्मतात. आणि तिथला पीएम २.५ चा आकडा दारावर मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे, जाड कणांचा नव्हे. हवेच्या अनुदानाचा जमाखर्च निगमाने वार्डवार छापावा: धुळीवर किती, धुरावर किती. कचरा जाळल्याबद्दल वर्षात किती दंड वसूल झाला, तेही. शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या दारापाशी सकाळी व सुटीच्या वेळी डिझेल गाड्यांना मनाई हवी. अंगणवाडीतला स्वयंपाक वर्षभर गॅसवर व्हावा आणि त्याचे पैसे अंगणवाडी सेविकेच्या पदरातून जाऊ नयेत. थंडीची लाट आली की जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवतात. हवेचा आकडा चढला की लहान मुलांच्या वर्गांसाठीही तसाच आदेश निघावा. यातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी भोपाळहून नवा कायदा यावा लागेल.

उमेदवार हवेविषयी भाषण करील, झाडे लावू म्हणेल, फवाऱ्याची गाडी दाखवील. त्याला थांबवून विचारावे: धुळीचे कळले, धुराचे सांगा. जो लेखी देईल त्याचे लेखी जपून ठेवावे आणि जो देणार नाही त्याचे नाव आपल्या पत्रिकेत छापावे. पक्ष कोणताही असो. माझ्या ओळखीतल्या पार्षदांनाही यातून सूट नको.

आपल्या स्वतःच्या घरांचेही बोललेच पाहिजे. नाहीतर ते आपल्याला विचारतील आणि त्यांचे बरोबर असेल. बाळंतिणीच्या खोलीत धुरी नको, हे आपल्या महिला मंडळाने एकदा ठरवून जाहीर करावे. ते पुरुषांनी सांगून होणार नाही, आणि आक्कासारख्या कोणी सांगितले तर एका दिवसात होईल. डास घालवायच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी. गरोदर सून-मुलगी घरात असेल तर उदबत्ती आणि धूप देवापुढे, पण खिडकी उघडी ठेवून. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर बाहेर फेकणारा पंखा. मोटारीत शेजारी बसलेल्या नातवासाठी शाळेच्या दारात इंजिन बंद. एवढे करूनही बाहेरचा धूर राहणारच आहे, म्हणून वर लिहिलेल्या मागण्या. पण आपला चौक आपण झाडलेला असला की निगमाच्या दारात उभे राहताना आवाज चढवता येतो.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी लेखी ठेवणार आहे. ज्यांच्या मोहल्ल्यात कचरा जळतो त्यांनी जागा, वार्ड आणि वेळ एका कागदावर लिहून कार्यालयात आणून द्यावी, शक्य असल्यास फोटोसह. सगळ्या कागदांची यादी मी करीन. पहिला कागद आमच्या कोपऱ्याचा आहे आणि तो आक्काच्या हस्ताक्षरात आहे.